कवळीचा खर्च कोणी करायचा?

लग्नाची पंगत बसलेली असते. वाढपी बुंदी घेऊन येतो, भजी घेऊन येतो. रांगेच्या टोकाला बसलेला म्हातारा पत्रावळीवर हात आडवा धरतो. ‘नको बाबा, भातच वाढ. आमटी जरा जास्ती घाल.’ वाढपी पुढे जातो. बघणाऱ्याला वाटते, म्हाताऱ्याला भूक राहिली नाही. भूक असते. दात नसतात.

असा म्हातारा नाही असे गाव आपल्या सोलापूर जिल्ह्यात दाखवता येणार नाही. मंगळवेढ्याच्या ज्वारीचे नाव साऱ्या महाराष्ट्रात घेतात. ती ज्वारी ज्यांनी जन्मभर पेरली, काढली, मळली, त्यांच्या तोंडाचे बोळके झाले की त्यांना भाकरी आमटीत कुस्करून, भिजत ठेवून गिळावी लागते. घरात करणारे कोणी असेल तर ठीक, नाही तर चहात बुडवलेल्या पावावर दिवस निघतो. दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत, ही म्हण आपण हसण्यावारी नेतो. ज्याच्यावर ती वेळ येते त्याला हसू येत नाही.

गावातली माणसे याला दुखणे समजतच नाहीत. ‘वय झालं, दात गेले, त्यात काय एवढं?’ असे म्हणून विषय संपतो. केस पिकतात तसे दात पडतात, अशी समजूत. पण केस पिकले म्हणून कोणी उपाशी राहत नाही. दात गेले की आधी भाकरी जाते. मग शेंगदाणे, फुटाणे, हुरडा जातो. मग काकडी, गाजर, पेरू जातात. मटणाचा नुसता रस्सा उरतो. पोट भरते, पण अंगाला लागत नाही. त्यातून मधुमेह असेल तर आणखी पंचाईत. डॉक्टर सांगतात, भात कमी करा, भाकरी, पालेभाजी, मोडाची कडधान्ये खा. ज्याला चावताच येत नाही त्याने हे खायचे कसे, याचे उत्तर त्या कागदावर लिहिलेले नसते.

खाण्यापुरतीच ही गोष्ट थांबत नाही. चाळीस वर्षे हरिपाठ म्हणणाऱ्या माणसाचे शब्द फुटेनासे होतात, मग तो भजनात मागे जाऊन बसतो. बाई चारचौघींत बोलताना पदर तोंडापुढे धरते. ग्रामसभेत बोलायला उठलेल्या म्हाताऱ्याचे बोलणे कळत नाही म्हणून पोरे हसतात, आणि पुढच्या ग्रामसभेला तो येत नाही. माणूस जिवंतपणी गावातून वजा होत जातो.

यावर उपाय काही नवा नाही. त्याचे नाव कवळी. प्रश्न एवढाच आहे की, ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याच्या कवळीचा खर्च कोणी करायचा?

जबडा मोडला तर योजना आहे

राज्यात गरिबांसाठी आरोग्याची योजना आहे आणि ती चांगली आहे, हे आधी मान्य केले पाहिजे. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली, तेव्हा पहिल्या टप्प्यातल्या आठ जिल्ह्यांत आपला सोलापूर जिल्हा होता. पुढे ती राज्यभर लागू झाली. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव दिले गेले आणि २०१८ मध्ये आलेल्या केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेशी नंतर तिची सांगड घातली गेली. विम्याचे कवच कुटुंबामागे वर्षाला दीड लाखावरून ५ लाख करण्याचा निर्णय शासनाने २०२३ मध्ये घेतला. ऑक्टोबर २०२४ मध्ये ७० वर्षांवरील सर्वांसाठी, उत्पन्न न पाहता, वय वंदना कार्ड आले. हृदयाचे ऑपरेशन, मूतखडा, कर्करोग, अपघात अशा हजारावर उपचारांची यादी आहे. या योजनेमुळे जमीन विकायची वेळ टळली अशी कुटुंबे गावोगाव आहेत.

त्या यादीत तोंडाच्या आणि जबड्याच्या शस्त्रक्रियाही आहेत. मोटारसायकलवरून पडून जबडा मोडला तर तो जोडण्याचा खर्च योजना करते. तोंडाचा कर्करोग झाला तर लाखाच्या घरातला खर्च योजना करते. पण सगळे दात गेलेल्या माणसाला कवळी बसवून देण्याची सोय त्यात नाही. कारण सरळ आहे. योजना मुळात दवाखान्यात दाखल होणाऱ्या रोग्यासाठी बांधलेली आहे. खाटेवर पडला तो आजारी, पायांवर उभा आहे तो धडधाकट, असा तिचा हिशेब. दात गेलेला माणूस खाटेवर पडत नाही. तो घरातल्या कोपऱ्यात बसून हळूहळू वाळतो. ते वाळणे कोणत्याही यादीत बसत नाही.

दाताचे दुखणे सरकारला अजिबात माहीत नाही, असेही नाही. केंद्राने २०१४-१५ पासून राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रम हाती घेतला आहे. काही ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत दातांचे डॉक्टर आहेत, खुर्ची आहे. तिथे दात काढून मिळतो, कुठे भरूनही मिळतो. काढलेल्याच्या जागी बसवायचा म्हटले की ‘बाहेर बघा’. सरकारी दंत महाविद्यालये आहेत ती मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर अशा ठिकाणी. सोलापूरच्या माणसाला त्यातले जवळचे गाठायचे तरी तीनशे किलोमीटरच्या आसपास जावे लागते. दात काढायला सरकार आहे, बसवायला नाही, असा हा प्रकार आहे.

एकाच गल्लीतले दोन म्हातारे

कवळीवर सरकारी पैसा खर्चच होत नाही, असे कोणी म्हणेल तर तेही खरे नाही. केंद्र सरकारच्या नोकरदार-निवृत्तांच्या आरोग्य योजनेत कवळीचा दर ठरलेला आहे. माजी सैनिकांची जी आरोग्य योजना २००३ पासून चालू आहे, तिच्यातही कवळीची सोय आहे. ती असलीच पाहिजे, त्याबद्दल आमची तक्रार नाही. पण एकाच गल्लीत दोन म्हातारे राहतात. एक फौजेतून निवृत्त झाला, त्याला कवळी मिळाली. दुसऱ्याने पन्नास वर्षे दुसऱ्याच्या रानात खुरपे धरले, ऊस तोडला. त्याला निवृत्तीही नाही आणि कवळीही नाही. दोघांची हिरडी सारखीच झिजते. मग नियम दोन का?

ज्येष्ठांसाठी दोन ‘वयोश्री’ योजना आहेत, त्या गावातल्या कार्यकर्त्यांनी आणि अधिकाऱ्यांनी नीट समजून घ्याव्यात. पहिली केंद्राची. १ एप्रिल २०१७ रोजी आंध्र प्रदेशात नेल्लोर येथे ती सुरू झाली. ६० वर्षांवरील, दारिद्र्यरेषेखालील ज्येष्ठांना काठी, कुबड्या, वॉकर, चाकाची खुर्ची, श्रवणयंत्र, चष्मा आणि कवळी देणारी ही योजना आहे. महिन्याला १५,००० रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्यांनाही नंतर तिच्यात घेतले गेले. म्हणजे कागदावर कवळी आहे. पण योजना चालते शिबिरांवर. एका शिबिरात तपासणी, दुसऱ्यात वाटप. काठी आणि खुर्ची ट्रकमध्ये भरून आणता येते. कवळी तशी आणता येत नाही. ती एकेका तोंडाच्या मापाने करावी लागते आणि त्यासाठी माणसाला चार-पाच वेळा बोलवावे लागते. शिबिराचा मांडव एका दिवसात उठतो. तिथे कवळीचे काम उभे राहणे अवघड आहे.

दुसरी राज्याची, मुख्यमंत्री वयोश्री योजना. २०२४ मध्ये तिचा निर्णय झाला. ६५ वर्षांवरील, वर्षाला २ लाखांच्या आत कौटुंबिक उत्पन्न असलेल्यांना एकदाच ३,००० रुपये बँक खात्यात. कशासाठी, तर चष्मा, श्रवणयंत्र, ट्रायपॉड, वॉकर, कमोड खुर्ची, गुडघ्याचा आणि कमरेचा पट्टा, इत्यादी. कवळीचे नाव या यादीत नाही. ती ‘इत्यादी’त बसते की नाही, हे ज्याने त्याने आपल्या मनाने ठरवायचे. म्हाताऱ्या माणसांचा घास ‘इत्यादी’वर सोडू नये, एवढे आमचे म्हणणे आहे.

शिवाय दोन्ही योजना साठी-पासष्टीच्या पुढच्या. दात काही जन्मतारखेचा दाखला बघून पडत नाहीत. आपल्याकडे बायकांत मिश्री लावायची सवय किती खोल आहे, हे घरोघर माहीत आहे. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, पण तंबाखूची चिमूट सुटलेली नाही. त्यात मधुमेह. हिरड्या सैल होतात, दात हलायला लागतात, आणि पन्नाशीच्या आत तोंड रिकामे होते. अशी बाई अजून रोजाने कामाला जाते, घर चालवते. तिला साठीपर्यंत थांब म्हणून सांगणे म्हणजे दहा-पंधरा वर्षे भाकरी भिजवून खा म्हणून सांगणे आहे.

शेजारच्या राज्याने काय केले

अक्कलकोट, दक्षिण सोलापूर, मंगळवेढा या तालुक्यांची शीव कर्नाटकाला लागलेली आहे. सोयरिकी तिकडच्या आहेत, बाजार तिकडचा आहे. त्या कर्नाटक सरकारने २०१४ मध्ये ‘दंतभाग्य’ नावाची योजना काढली. दारिद्र्यरेषेखालच्या ज्येष्ठांना पूर्ण कवळी मोफत. सरकारने नवे दवाखाने बांधले नाहीत. राज्यात दंत महाविद्यालये पुष्कळ होती, सरकारी आणि खासगी, त्यांच्याकडून काम करून घेतले. सुरुवातीला वयाची अट ६० ची होती, पुढे ती ४५ वर आणली. गरिबाचे दात लवकर जातात, ही गोष्ट त्या सरकारला कळली म्हणून अट खाली आली. केरळातही सामाजिक न्याय खात्याने ‘मंदहासम’ या नावाने गरीब ज्येष्ठांना कवळी देण्याची योजना काढली. महाराष्ट्रात दंत महाविद्यालये काही कमी नाहीत. कमी आहे तो निर्णय.

या प्रश्नाला सरकारे का बिचकतात, याचीही एक जुनी गोष्ट आहे. ब्रिटनमध्ये १९४८ साली सरकारी खर्चाने सर्वांना मोफत उपचार देणारी आरोग्य सेवा सुरू झाली. पहिल्याच दिवसापासून चष्मे आणि कवळ्या मागणाऱ्यांची रीघ लागली. खर्च अंदाजाच्या बाहेर गेला. १९५१ मध्ये सरकारने चष्म्यावर आणि कवळीवर काही रक्कम लोकांकडून घ्यायचे ठरवले, तेव्हा ही सेवा ज्यांनी उभी केली ते अन्युरिन बेव्हन यांनी त्या प्रश्नावर मंत्रिपदाचा राजीनामा दिला. कवळीसाठी एका मंत्र्याने खुर्ची सोडली, हे आज वाचताना नवल वाटते. पण त्या गर्दीचा अर्थ लक्षात घ्या. ती चैनीची गर्दी नव्हती. वर्षानुवर्षे दातांवाचून राहिलेली, पैसे नाहीत म्हणून गप्प बसलेली माणसे एकदम दारात आली होती. आपल्याकडेही दार उघडले तर पहिली काही वर्षे गर्दी होणार. ते दार बंद ठेवण्याचे कारण होऊ शकत नाही. गर्दी टप्प्याटप्प्याने कशी घ्यायची, याचा विचार करावा लागेल, एवढेच.

खर्च फक्त कवळीचा नाही

कवळी कशी होते, हे गावात फारसे कोणाला माहीत नसते, म्हणून थोडक्यात सांगतो. उरलेले किडके, हलते दात आधी काढावे लागतात. मग हिरडी भरून यायला साधारण दीड-दोन महिने जावे लागतात. नंतर तोंडाचे माप घेतात, एकदा कच्चे, एकदा पक्के. मग वरचा आणि खालचा जबडा एकमेकांवर कसा बसतो ते ठरवतात. मेणावर दात लावून तोंडात बसवून बघतात. शेवटी पक्की कवळी. त्यानंतर कुठे टोचते, कुठे घासते, ते कमी करायला एक-दोन खेपा. पूर्ण कवळीला पाच-सहा खेपा धरून चालावे.

आता हिशेब करा. पाच खेपा धरल्या आणि म्हाताऱ्याबरोबर घरातले एक माणूस धरले तर दहा दिवसांचे काम बुडते. २०२५-२६ साठी रोजगार हमीचा राज्यातला दर दिवसाला ३१२ रुपये होता. त्या दराने ३,१२० रुपये झाले. ७५ वर्षांवरील माणसाला एस.टी. मोफत आहे, बाईला निम्मे तिकीट आहे, म्हणून प्रवासाचे थोडे सुटते. पण बुडालेला रोज कोण देतो? श्रावणबाळ योजनेचे मानधन २०२३ मध्ये महिन्याला १,५०० रुपये झाले. म्हणजे कवळीला एक पैसा न देता, नुसत्या जाण्या-येण्यात दोन महिन्यांच्या मानधनाइतकी रक्कम गेली. वर खासगी दवाखान्याचे काही हजार. म्हातारा म्हणतो, ‘आता काय करायचंय दात घेऊन? चार दिवस राहिलेत, निघून जातील.’ त्याला दात नको असतात असे नाही. पोराच्या खिशाकडे बघून तो तसे बोलतो.

मग काय होते? काही जण आठवडा बाजारात रस्त्यावर बसून दात बसवणाऱ्याकडे जातात. तो अर्ध्या तासात, थोड्या पैशात, शेजारच्या दाताला तारेने आणि मसाल्याने दात चिकटवून देतो. आठ दिवस बरे वाटते. मग खाली अन्न अडकते, हिरडी सुजते, घाण वास येतो, आणि चांगले असलेले शेजारचे दातही जातात. असे दात कोणी बसवून घेऊ नयेत. पण माणसे त्या वाटेला का जातात, तर सरळ वाटेवर त्यांना परवडणारे काही नाही म्हणून.

आक्षेप आणि त्यांची उत्तरे

पहिला आक्षेप असा की, हृदयाच्या आणि कर्करोगाच्या रोग्यांना पैसा अपुरा, तिथे कवळीला कुठून आणायचा? आम्ही म्हणतो, हृदयाच्या ऑपरेशनचा एक पैसाही कमी करू नका. पण कवळीसाठी माणूस दातांच्या डॉक्टरसमोर तोंड उघडून बसतो, तेव्हा डॉक्टरला आणखीही काही दिसते. गालाच्या आत पांढरा चट्टा, दोन आठवडे होऊनही न भरणारी जखम, कमी उघडणारे तोंड. तंबाखू-मिश्रीच्या मुलखात हे फार महत्त्वाचे आहे. तोंडाचा कर्करोग लवकर सापडला तर जीव वाचण्याची आशा वाढते आणि योजनेचा लाखांचा खर्चही वाचू शकतो. कवळीला पैसे देणे म्हणजे नुसते दात वाटणे नव्हे.

दुसरा आक्षेप, यात खोटी बिले निघतील. निघतील, ही भीती खरी आहे. योजनांच्या नावावर काय काय झाले ते आपण पाहिले आहे. पण त्यावर उपाय आहेत. कवळी तयार होतानाच तिच्यात माणसाचे नाव किंवा नंबर आतून घालता येतो, ही माहितीतली पद्धत आहे. पैसे एकदम न देता टप्प्याने द्यावेत, आणि शेवटचा हप्ता माणूस कवळी घालून महिनाभर जेवला, असे आशाताईने लिहून दिल्यावर द्यावा. आशाताई घरी जाते, तिला पंगतीत कोण काय खाते हेही माहीत असते.

तिसरा आक्षेप, लोक कवळी वापरत नाहीत, ती कोनाड्यात पडून राहते. हेही खरे आहे, पण त्यातला दोष बहुतेक वेळा मापाचा आणि नंतरच्या खेपांचा असतो. कवळी हातात दिली आणि काम संपले, असे धरले तर ती कोनाड्यातच जाणार. म्हणून दरामध्ये नंतरच्या खेपा धरल्याच पाहिजेत. हिरडी जसजशी बसत जाते तशी कवळी सैल होते. तिला आतून अस्तर घालून घट्ट करावे लागते आणि पाच-सात वर्षांनी बहुधा नवी करावी लागते. एकदा दिली म्हणजे जन्माची झाली, अशी ही वस्तू नाही.

आमच्या मागण्या

शासनाकडे आमचे मागणे मोजके आहे.

एक, महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या यादीत पूर्ण कवळी ठरावीक दराने घालावी आणि त्यासाठी दाखल होण्याची अट ठेवू नये. दोन, वयाची अट ४५ च्या वर नेऊ नये. दात गेलेत हाच पुरावा धरावा. तीन, काम तालुक्याला व्हावे. माप ग्रामीण रुग्णालयात घ्यावे, कवळी जिल्ह्याच्या ठिकाणी करून आणावी. जिथे सरकारी डॉक्टर नाही तिथे तालुक्यातल्या खासगी दंतवैद्याला ठरलेल्या दराने नेमावे. चार, हे होईपर्यंत मुख्यमंत्री वयोश्री योजनेच्या यादीत ‘कवळी’ हा शब्द स्पष्ट लिहावा. या शेवटच्या गोष्टीला पैसा लागत नाही, शाई लागते.

पण सगळे मुंबईवर ढकलून गावाने हात झटकू नयेत. येत्या ग्रामसभेत एक ठराव घ्या. आशाताई आणि अंगणवाडीताई यांच्या मदतीने गावात पूर्ण दात गेलेली माणसे किती, त्यात गरीब किती, याची यादी करा. अशी यादी आज बहुतेक गावांत नाही, आणि यादी नाही म्हणून मागणीही नाही. ती यादी पंचायत समितीला, जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण आणि आरोग्य विभागाला, जिल्हा शल्यचिकित्सकांना पाठवा. केंद्राच्या वयोश्री शिबिराची तारीख लागली की काठीबरोबर कवळीचीही मागणी लेखी द्या. पोच घ्या. ग्रामपंचायत अधिकारी आणि ग्राम महसूल अधिकारी यांनी म्हाताऱ्या माणसाला उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तीन-तीन हेलपाटे घालायला लावू नयेत. त्यांच्यासाठी एक दिवस ठरवून गावातच कागद पुरे करावेत. जिल्हा परिषदेने सेस फंडातून एका तालुक्यात हे काम करून दाखवावे. एका तालुक्यात जमले तर पुढचे बोलायला आधार मिळेल.

ज्यांच्या घरात कवळी आली आहे त्यांच्यासाठी चार गोष्टी. पहिले काही आठवडे तोंड भरल्यासारखे वाटते, बोलणे अडखळते, हे सुटते. मऊ खाण्यापासून सुरुवात करा आणि घास दोन्ही बाजूंनी चावा. टोचले तर घरी चाकूने किंवा कानशीने घासू नका, डॉक्टरकडे न्या. रात्री काढून, घासून, साध्या पाण्यात ठेवा. उकळत्या पाण्यात टाकली तर वाकडी होते. आणि मिश्री-तंबाखू आता तरी सोडा. ज्यांचे दात अजून शाबूत आहेत त्यांनी तर आजच सोडावी. आपल्या दाताइतकी चांगली कवळी कोणत्याच सरकारला करून देता येणार नाही.

उसाच्या टनाला किती, दुधाच्या लिटरला किती, यावर आपण रस्ते अडवतो, ते बरोबरच आहे. पण ज्या पिढीने हा ऊस आणि ही ज्वारी उभी केली तिला आपल्या रानातली भाकरी चावून खाता यावी, हे मागणे त्याहून लहान नाही. येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर हा एक विषय सरपंचांनी घालावा. पंगतीत पत्रावळीवर हात आडवा धरणारी माणसे गावात किती आहेत, एवढे तरी त्या दिवशी मोजले जाईल.